छत्रीवाल्या कामीयची नक्कल: पांढरा पोशाख पांढरा नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या कोथरूडच्या एका वाचकांनी दोन वर्षे अ‍ॅक्रिलिकमध्ये काम केले आहे आणि आता त्यांना तैलरंग शिकायचे आहेत. त्यासाठी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचे छत्री घेतलेल्या स्त्रीचे चित्र उतरवावे असे त्यांच्या मनात आहे. एक प्रयत्न झाला, पण पोशाख खडूसारखा पांढरा दिसला, गवताचा चिखल झाला आणि जुलैतला रंग तीन आठवड्यांनीही बोटाला लागत होता. साहित्य काय घ्यावे, सुरुवात कुठून करावी आणि चुकले कुठे, असे त्यांनी विचारले आहे.

चित्राची निवड उत्तम आहे. मोनेने हे चित्र १८७५ मध्ये काढले. टेकाडावर उभी असलेली स्त्री म्हणजे त्याची पत्नी कामीय आणि डावीकडे मागे, कमरेपर्यंतच दिसणारा, तो त्यांचा मुलगा झाँ. मूळ चित्र १०० बाय ८१ सेंटिमीटरचे आहे आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून त्याची मोठी प्रतिमा मोफत उतरवून घेता येते. ते मोकळ्या हवेत, बहुधा काही तासांच्या एकाच बैठकीत रंगवले असावे असे मानले जाते. शिकणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. जुन्या पद्धतीच्या चित्रात अनेक पातळ थर एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे काय कसे केले ते उलगडत नाही. इथे मात्र ब्रशचा प्रत्येक फटकारा उघडा दिसतो, आणि कोणता आधी व कोणता नंतर हेही मोठ्या प्रतिमेत वाचता येते.

तरीही बहुतेकांची नक्कल एकाच जागी फसते. सूर्य कामीयच्या मागे आहे. म्हणजे आपल्या बाजूला दिसतो तो पोशाखाचा सावलीतला भाग. पोशाख पांढरा आहे हे आपल्याला माहीत असते, म्हणून हात आपोआप पांढऱ्या ट्यूबकडे जातो. प्रत्यक्षात तो पोशाख ढगांपेक्षा चांगलाच गडद आहे. खरा उजळ पांढरा फक्त उन्हाने उजळलेल्या कडांवर, छत्रीच्या वरच्या बाजूला आणि पाठीमागे उडणाऱ्या कापडावर आहे. हे पटण्यासाठी प्रतिमा फोनवर कृष्णधवल करा आणि डोळे किलकिले करून बघा. पोशाख राखाडी दिसेल. तुमच्या पहिल्या प्रयत्नाचाही तसाच फोटो काढून शेजारी ठेवा, म्हणजे खडूसारखा पोशाख कशामुळे झाला ते वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणून पहिली बैठक रंगांची नाही. आठ बाय दहा इंचाचा कॅनव्हास-पॅडचा कागद घ्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद करडा करा, त्यात पांढरा घालत पाच पायऱ्या तयार करा आणि आख्खे चित्र त्या पाच पायऱ्यांतच बसवा. ढग सर्वांत उजळ, निळे आकाश त्याच्या खाली, पोशाखाची सावली मध्यावर, छत्रीची आतली बाजू आणि गवत त्याहून गडद, आणि सर्वांत गडद रंग अगदी मोजक्या जागी. तासाभरात हे व्हायला हवे. चेहरा काढायचा नाही, फक्त ठोकळे. हा अभ्यास जमेपर्यंत पुढे जाऊ नका. दोन-तीन कागद वाया गेले तरी त्यात काही वाया जात नाही.

आता कॅनव्हास. दुकानात सहज मिळणारा सोळा बाय वीस इंच हा आकार इथे फार सोयीचा आहे. मूळ चित्राचे गुणोत्तर १.२३ आहे आणि याचे १.२५. सोळा इंच रुंदीला पावणेवीस इंच उंची लागते, म्हणून खाली पाव इंचाची पट्टी आखून सोडली की प्रमाण जुळते. अठरा बाय चोवीस मात्र घेऊ नका. त्यात बाई ताणली जाते, आणि काय बिघडले ते कळतही नाही. प्रतिमा ए-थ्री आकाराच्या मॅट कागदावर २८ सेंटिमीटर रुंद आणि साधारण ३४.६ सेंटिमीटर उंच छापून घ्या. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप येते. फोनच्या पडद्यावरून रंग जुळवायला जाऊ नका. पडदा स्वतः उजेड फेकतो आणि तैलरंग फक्त परावर्तित करतो, त्यामुळे ती बरोबरी कधीच होत नाही.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत तयार ताणलेले कॅनव्हास मिळतात, पण स्वस्तातल्या कॅनव्हासवर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी दिलेल्या अस्तराचा, थर फार पातळ असतो. मागून उजेडात धरला तर विणीतून उजेड आरपार दिसतो. असा कॅनव्हास तेल पितो आणि रंग वाळल्यावर जागोजागी निस्तेज, मेलेले डाग पडतात. त्यावर जेसोचे (अ‍ॅक्रिलिकच्या पांढऱ्या अस्तराचे) आणखी दोन हात द्या, पहिला आडवा आणि दुसरा उभा. प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा. दुसऱ्या हातात तुमच्याकडचा अ‍ॅक्रिलिकचा यलो ऑकर आणि काळ्याचा ठिपका मिसळून फिकट, उबदार करडा रंग करा. कोऱ्या पांढऱ्यावर प्रत्येक छटा खरी आहे त्यापेक्षा गडद वाटते. अ‍ॅक्रिलिकच्या थरावर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीही नाही. ते पुढे पापुद्र्यासारखे सुटते.

रंग आठच पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन किंवा कॅडमियम यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड, अ‍ॅलिझरिन क्रिमसन, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन आणि व्हिरिडियन. रंगाखालच्या रेखाटनासाठी बर्न्ट सिएना असू द्या. काळा नको. पांढरा किमान १०० मिली जवळ हवा, बाकीच्या २० मिलीच्या ट्यूब पुरे. ट्यूबच्या मागे पिगमेंटचा (मूळ रंगद्रव्याचा) क्रमांक वाचायची सवय लावा. खरा कोबाल्ट ब्लू म्हणजे पीबी २८. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर तो पर्यायी मिश्रणाचा रंग असतो. सरावाला तो चालतो, पण दुसऱ्या ब्रँडच्या रंगाशी त्याची मिश्रणे जुळणार नाहीत. जुन्या प्रकारचा अ‍ॅलिझरिन, पीआर ८३, उजेडात उडतो. त्याऐवजी ‘पर्मनंट’ लिहिलेला घ्या. झिंक व्हाइटचा जाड थर कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून तो मुख्य पांढरा म्हणून वापरू नका.

ब्रश डुकराच्या केसांचे, राठ, चपटे किंवा फिलबर्ट (चपटे, पण टोकाला गोलसर): २, ४, ६ आणि १० नंबर. चार आणि सहा नंबरचे दोन-दोन घ्या, एक उजळ रंगांसाठी आणि एक गडद रंगांसाठी. जलरंगाचे मऊ ब्रश इथे निरुपयोगी आहेत. ते घट्ट रंग ठेवण्याऐवजी खालचाच रंग उचलतात.

तेलाबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे पुष्कळ पैसे आणि चित्रे वाया जातात. जवसाचे तेल रंगकामाचेच, रिफाइंड घ्या. किराणा दुकानातले खाण्याचे तेल चित्रासाठी शुद्ध केलेले नसते, त्याच्या वाळण्याचा भरवसा नाही. हार्डवेअरमधले डबल बॉइल्ड तेल लवकर वाळते, पण पिवळे आणि काळपट पडते. रंग पातळ करायचे टर्पेंटाइन लाकडाच्या पॉलिशवाल्याचे नको. त्यात चिकट राळ राहिलेली असू शकते. खिडक्या उघड्या ठेवूनच काम करा आणि वापरलेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बाटलीत ठेवले की दोन-तीन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ द्रव ब्रश धुवायला पुन्हा चालते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना गरम होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळू द्या किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

रेखाटनासाठी छापील चित्राच्या रुंदीचे चार आणि उंचीचे पाच भाग करा आणि कॅनव्हासवरही तेवढेच. रकाने अगदी चौरस येणार नाहीत, हरकत नाही. पातळ बर्न्ट सिएना आणि टर्पेंटाइनने दोन नंबरच्या ब्रशने आखा. कोळसा वापरलात तर नंतर कापडाने झटका, नाहीतर पहिल्याच फटक्यात आकाश करडे होते. आधी गवताची वरची कड, मग छत्रीचा सर्वांत उंच बिंदू, मग त्या दोघांमध्ये कमर. चेहरा सर्वांत शेवटी. चेहऱ्याकडे आपले लक्ष जास्त जाते, म्हणून डोके हमखास मोठे होते. छत्रीच्या रुंदीत ते किती वेळा बसते हे छापील चित्रावर विभाजकाने (डिव्हायडरने) मोजा आणि तेवढेच ठेवा. मोने खालून वर बघतो आहे. म्हणूनच ती आकाशात उभी असल्यासारखी वाटते. डोके वाढले की ही उंची जाते आणि बाई टेकडीवरून खाली उतरते. अंदाज चुकतोय असे वाटले तर छापील चित्र आणि कॅनव्हास दोन्ही उलटे ठेवून तपासा.

रंगकामाच्या आधी मिश्रणे. पोशाखाच्या सावलीसाठी सुपारीएवढा पांढरा, हरभऱ्याएवढा कोबाल्ट ब्लू, तांदळाच्या दाण्याएवढा अ‍ॅलिझरिन आणि तेवढाच यलो ऑकर घेऊन पॅलेट नाइफने एकजीव करा. ब्रशने मिसळाल तर अर्धा रंग केसांच्या मुळाशी जातो. हाती येईल तो निळसर-जांभळा करडा. पॅलेटवर तो फारच गडद वाटेल, घाबरू नका. त्याचे तीन भाग करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात कोबाल्ट वाढवा. हा आकाशाकडे तोंड असलेल्या घड्यांचा. तिसऱ्यात यलो ऑकर आणि मोहरीएवढा पिवळा घाला. हा खालून, गवत-फुलांवरून उसळून येणाऱ्या उजेडाचा. कामीयच्या पुढच्या बाजूला हा पिवळसर उजेड लागला आहे, आणि पोशाख जिवंत वाटतो तो त्याच्यामुळे. तिन्ही छटांचा गडदपणा मात्र जवळपास सारखाच ठेवा. रंग बदलतो, उजेडाची पायरी नाही. छापील चित्रावर पारदर्शक प्लास्टिक शीट ठेवून त्यावर नाइफने ठिपका लावा. ठिपका खालच्या रंगात विरघळल्यासारखा दिसला तर मिश्रण जमले. पॅलेट म्हणून काच वापरत असाल तर तिच्याखाली करडा कागद घाला. तपकिरी लाकडी पॅलेटवर सगळेच निळे जास्त निळे वाटतात.

पहिला थर ट्यूबमधल्या रंगात फक्त टर्पेंटाइन घालून, पातळ. दहा नंबरच्या ब्रशने गवत आणि छत्रीची आतली बाजू आधी, मग पोशाख, मग आकाश. तासाभरात कॅनव्हासचा एकही कोपरा मोकळा राहता कामा नये, फक्त आकाशात काही ठिकाणी खालचा करडा डोकावू द्या. दूर उभे राहून ते तुमच्या कृष्णधवल अभ्यासाशी ताडून बघा. इथे चूक दुरुस्त करायला कापडाचा एक फटका पुरतो. पुढे तीच चूक तासभर खाते.

दुसरा थर घट्ट, ट्यूबमधून येतो तसा. आकाश बाईच्या आकाराच्या किंचित आत शिरेपर्यंत रंगवा आणि मग ओल्या आकाशावर पोशाखाची कड ओढा. आकाश नंतर तिच्याभोवती भरले तर कडा कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. उन्हातल्या कडा ठाम ठेवा, चेहऱ्यावरून उडणाऱ्या झिरझिरीत जाळीच्या कडा आकाशात विरू द्या. चेहरा म्हणजे चार-पाच ठिपके: गालाची सावली, कपाळ, नाक, ओठांचा अंदाज. डोळ्याला पापणी काढायला गेलात की जाळी नाहीशी झालीच. छत्रीच्या आतल्या हिरव्यासाठी व्हिरिडियन, ऑकर आणि पांढरा. एकटा व्हिरिडियन प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसतो.

आता चिखलाचे. अ‍ॅक्रिलिकमध्ये पंधरा मिनिटांत थर वाळतो आणि त्यावर बिनधास्त दुसरा रंग देता येतो. ती सवय इथे नडते, कारण खालचा रंग ओलाच असतो. जांभळट सावलीवर पिवळे गवत घासले की ते दोघे एकमेकांना मारतात आणि तपकिरी गाळ उरतो. उपाय हातात आहे: ब्रश भरून घ्या, एकदा ठेवा, उचला, कापडाला पुसा. त्याच जागी तिसरा फटकारा मारायचा नाही. ब्रश कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरला तर रंग वर बसतो, टोकाने खुपसला तर खालचा रंग उकरला जातो. गवताच्या सावलीत काळा नाही, तर अल्ट्रामरीन, व्हिरिडियन आणि थोडा अ‍ॅलिझरिन, पातळ. मग मधला हिरवा. पिवळी फुले आणि उन्हाचे ठिपके अगदी शेवटी, जाड आणि मोजके.

तरी मळलेच तर वरून रंग चढवू नका. पॅलेट नाइफने खरवडून काढा, नाहीतर जुना पेपर त्या भागावर पसरा, तळहाताने घासा आणि सावकाश सोलून काढा. जादा तेलकट रंग पेपरला लागून येतो, मागे फिकट आकृती उरते आणि तिच्यावर नव्याने काम छान होते.

तिसऱ्या बैठकीची गरज पडली तर रंगात एक भाग जवस तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन यांचे काही थेंब घाला. नियम असा की वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलकट हवा. तेलकट थर सावकाश वाळतो आणि वाळताना हलतो. त्याच्यावर पटकन वाळणारा रुक्ष थर बसवला तर वरचा तडकतो. एका बैठकीत सगळे ओल्यावर ओले केले तर हा प्रश्न येत नाही.

जुलैतला रंग तीन आठवडे का ओला राहिला, तेही यातच आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तर तेल ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्याला हवा, उजेड आणि ऊब लागते. पुण्याच्या पावसाळ्यात दमट, ढगाळ हवेत ही क्रिया मंदावते, त्यात अ‍ॅलिझरिन, कॅडमियम आणि टायटॅनियम मुळातच सावकाश वाळणारे. एप्रिलमध्ये पातळ थर तीन-चार दिवसांत हाताला लागेनासा होतो, जाड थराला दोन आठवडेही लागतात. पावसाळ्यात चित्र भिंतीपासून चार बोटे दूर, पंख्याच्या हवेत ठेवा. मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके येतात का बघत राहा. घाई असेल तर अल्किड मीडियम (रंगात मिसळायचे, लवकर वाळणारे द्रव्य) वापरा, त्याने पातळ थर साधारण दिवसाभरात वाळतो. पण फक्त वरच्या थरात नको. चित्र गच्चीवर उन्हात ठेवू नका, कॅनव्हास ढिला पडतो आणि धूळ बसते. कपाटातही नको, अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. व्हार्निश पातळ चित्राला सहा महिन्यांनी, जाडसर चित्राला वर्षाने.

मूळ तैलचित्राचा पृष्ठभाग एकदा तरी जवळून पाहा. मोनेसाठी परदेशी जावे लागेल, पण सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात (पुण्यातले औंध नव्हे) राजा रवि वर्मांची मूळ चित्रे आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात युरोपीय तैलचित्रांचे दालन आहे. बाजूला उभे राहून, तिरप्या उजेडात बघा: सावल्या पातळ आणि उजेड जाड. छापील प्रतीत हे दिसत नाही.

नक्कल पूर्ण झाली की मोनेची सही उतरवू नका. मागच्या बाजूला ‘मोनेच्या १८७५ च्या चित्रावरून’ असे लिहून तुमचे नाव आणि तारीख टाका.

आणि मग हीच मांडणी बाहेर नेऊन करा. मोनेनेही १८८६ मध्ये सुझान ओशदेला (पुढे त्याची सावत्र मुलगी झालेल्या तरुणीला) छत्री देऊन असेच टेकाडावर उभे केले आणि दोन मोठी चित्रे काढली, एकात तोंड डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. ती दोन्ही पॅरिसच्या म्युझे द’ऑर्सेमध्ये आहेत. तुमच्यासाठी पुण्यातली वेताळ टेकडी किंवा तळजईचा उतार पुरेसा आहे. दिवस नोव्हेंबर-डिसेंबरचे, वेळ सकाळी आठ ते साडेनऊ. बहिणीला किंवा मैत्रिणीला पांढरा सुती पोशाख घालून उतारावर वर उभे करा, सूर्य तिच्या मागे, तुम्ही खाली बसलेले. छत्री फिकट रंगाच्या कापडाची हवी. काळ्या छत्रीतून उजेड झिरपत नाही. त्या महिन्यांत टेकडीवरचे गवत वाळून सोनेरी झालेले असते, म्हणून पोशाखात खालून येणारा उजेड मोनेच्या चित्रापेक्षा जास्त उबदार असेल. तिसऱ्या मिश्रणात ऑकर दुप्पट करून बघा. कॅनव्हासवर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात रंगवलेले चित्र घरात आणल्यावर काळोखे दिसते. वारा असतोच, तेव्हा इझलला दगड भरलेली पिशवी टांगा. उजेड दीड तासाच्या वर टिकत नाही, म्हणून आकार दहा बाय बारा इंचापेक्षा मोठा नको. परतताना ओला कॅनव्हास स्कूटरवरून आणायचा असेल तर त्याच मापाचा कोरा कॅनव्हास त्याच्यासमोर धरा, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवा आणि दोन्ही सुतळीने घट्ट बांधा.